ब्लाउजपीसातलं कुलूप

व्हीपीएनच्या खात्याला दुसरं कुलूप लागतं की नाही, याबद्दल आमच्या बदलापुरात दोन मतं आहेत. एक माझं आणि एक माझ्या बायकोचं. खालच्या मजल्यावरचे नरेंद्रराव माझ्या बाजूने आहेत, पण ते ज्याच्या बाजूने असतात तो हरतो असा आमच्या सोसायटीचा अनुभव आहे, म्हणून त्यांना मी धरत नाही.

हे व्हीपीएन म्हणजे काय, ते मला तरी सहा महिन्यांपूर्वी कुठे ठाऊक होतं. आपला कॉम्प्युटर आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये लावलेला एक पडदा, एवढं समजलं तरी पुरे. यशोधराला, म्हणजे माझ्या बायकोला, ऑक्टोबरात घरबसल्या नोकरी लागली, तेव्हा हा पडदा आमच्या घरात आला. ती वीस वर्षं मराठीच्या शिकवण्या घ्यायची. आता एक कंपनी यंत्राकडून मराठी पुस्तकं वाचून घेते, आणि ते यंत्र ‘चमचा’मधला च ‘चहा’तल्या च सारखा म्हणतं. यशोधरा कानाला हेडफोन लावून त्या यंत्राचे उच्चार सुधारते. कंपनीचा नियम असा, की कामावर यायचं ते या खासगी पडद्याच्या खात्यातूनच. खातं हरवलं तर कळवायचं, आणि नवीन खातं मंजूर व्हायला आठवडा लागतो.

खात्याला पासवर्ड होता. यशोधराच्या मते तेवढा पुरे होता. चोर आत शिरला तरी त्याला मिळणार काय, पडदाच ना, असं तिचं म्हणणं. नरेंद्ररावांनी मात्र मला जिन्यात गाठून सांगितलं, की हरिभाऊ, पासवर्ड चोरीला जातात, उद्या कोणी वहिनींच्या पडद्याआडून भलतंच काही केलं तर पोलीस तुमच्या दारात येतील. दोन पायऱ्यांची ओळख लावून घ्या. पासवर्ड ही पहिली पायरी, आणि फोनवर दर अर्ध्या मिनिटाला बदलणारा सहा आकड्यांचा नंबर ही दुसरी.

मला ते लगेच पटलं, कारण मी अंबरनाथच्या केमिकल कंपनीत सव्वीस वर्षं स्टोअरकीपर होतो आणि आमच्या स्टोअरला दोन कुलपं होती. एक किल्ली माझ्याकडे, एक वॉचमनकडे. कंपनी दोन वर्षांपूर्वी बंद पडली. किल्ली परत केली त्या दिवशी खिसा इतका हलका लागला की मी घरी येईपर्यंत चार वेळा चाचपून पाहिला.

तेव्हा दुसरं कुलूप मी लावलं, आणि त्याची किल्ली, म्हणजे तो बदलता नंबर, माझ्या फोनवर ठेवली. तिच्या फोनवर का नाही, असं यशोधराने एकदाच विचारलं. मी म्हटलं, दोन किल्ल्या एकाच माणसाकडे ठेवत नाहीत, हे स्टोअरचं तत्त्व आहे. मग रोज सकाळी दहाला पाच मिनिटं असताना ती म्हणायची, “अहो, आकडा?” आणि मी चष्मा लावून सहा आकडे वाचायचो. खरं सांगायचं तर सुरक्षिततेशी माझं फारसं देणंघेणं नव्हतं. तिच्या नोकरीत मला कुठेतरी बसायला जागा हवी होती. रोजची ती पाच मिनिटं मीही कामावर होतो.

फोन हरवलाच तर असावेत म्हणून पडद्याच्या कंपनीने दहा राखीव नंबर दिले होते. प्रत्येक आठ आकड्यांचा, आणि एक नंबर एकदाच चालणार. ते मी हाताने कागदावर उतरवले, तेही मराठी आकड्यांत. परदेशातल्या चोराला मराठी आकडे कळत नाहीत, ही नरेंद्ररावांची सूचना. आता कागद ठेवायचा कुठे? स्टोअरमध्ये मौल्यवान वस्तू आम्ही न हलणाऱ्या मालात ठेवायचो, कारण तिथे कोणी हात घालत नाही. आमच्या घरात न हलणारा माल म्हणजे कपाटातली ब्लाउजपीसची चवड. त्यातही सगळ्यात तळाशी तीन वर्षं एक ब्लाउजपीस पडून होता. त्याच्या रंगाला नाव नाही. मोहरी म्हणावं तर शेवाळासारखा आणि शेवाळ म्हणावं तर मळका. यशोधरा त्याला ‘तो कळकट’ म्हणायची. त्याच्या घडीत मी कागद सारला आणि निर्धास्त झालो.

आता शुक्रवारचं सांगतो. फोन मंद चालतो म्हणून नरेंद्ररावांनी तो माझ्या देखत ‘कोरा’ करून दिला. फोटो परत आले, नंबर परत आले, पण सहा आकड्यांचं ते ॲप परत आलं ते रिकामं. ते खात्याला ओळखतच नव्हतं. यशोधराचं त्या दिवसाचं काम आटोपलं होतं आणि कंपनीच्या नियमाप्रमाणे ती खात्यातून बाहेर पडली होती. सोमवारी सकाळी दहाला तिची तीन महिन्यांच्या उमेदवारीची अखेरची परीक्षा होती. दहाला आत नसेल तो गैरहजर, आणि गैरहजर म्हणजे नोकरी गेली. पन्नाशीत मिळालेली पहिली नोकरी.

घाबरलो नाही. कागद होता ना. यशोधरा स्वयंपाकघरात असताना मी कपाट उघडलं. चवड निम्मी झाली होती आणि तळाचा कळकट गायब होता.

मग आठवलं, गुरुवारी घरी संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. दरवर्षी यशोधरा वाण आणायला उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात जाते. यंदा नोकरीमुळे तिला वेळ झाला नाही, म्हणून तिने कपाटातले ब्लाउजपीस काढून वाटले. म्हणजे नोकरीनेच नोकरीची किल्ली घराबाहेर घालवली होती.

संध्याकाळी गच्चीत जाऊन मी त्या पडद्याच्या कंपनीशी फोनवरून लेखी बोललो. पलीकडच्या माणसाने आपलं नाव मॅक्स सांगितलं. मी म्हटलं, खातं माझ्या बायकोचं आहे, कुलूप मी लावलंय, ते काढा. त्याने अत्यंत नम्रपणे कळवलं, की तुम्ही कोण हे आम्हाला माहीत नाही, आणि माहीत करून न घेणं हेच आमचं वचन आहे. मी आधार कार्ड पाठवायची तयारी दाखवली, तर तो घाबरून म्हणाला, कृपया पाठवू नका. मग मी मीच आहे हे कसं सिद्ध करू, असं विचारलं. राखीव नंबर द्या, नाहीतर सात कामाचे दिवस थांबा, असं उत्तर आलं, आणि त्याखाली या संभाषणाला किती तारे देणार, असा प्रश्न.

यशोधराला सांगून टाकायचं, हे मला सुचलं नाही असं नाही. तीन वेळा तोंड उघडलं. पण ‘तू म्हणत होतीस ते बरोबर होतं’ हे वाक्य माझ्या घशातून कधी सरळ बाहेर आलेलं नाही. शिवाय ती कानाला हेडफोन लावून परीक्षेची तयारी करत होती आणि स्वतःशीच ‘जहाज, जग, जमीन’ म्हणत होती. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी फार वर्षांनी पाहत होतो. मला स्वतःची लाज वाटली. रविवारपर्यंत कागद आणायचा आणि हे तिला कळूच द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

शनिवारी सकाळी, स्कूटरची हवा तपासायला जातो असं सांगून निघालो आणि आधी तिसऱ्या मजल्यावर गेलो. तिथली प्राची लग्न होऊन नुकतीच आलेली, बँकेत असते. गुरुवारी ती जिना चढताना तिच्या हातात काहीतरी मळकट दिसलं होतं, ते मला आता आठवलं. परक्या सुनेकडे जाऊन ब्लाउजपीसाची चौकशी करायला तोंड कसं उघडायचं, याचा सराव मी जिन्यात केला होता. तरी प्रत्यक्षात मी आधी पाण्याच्या टाकीबद्दल बोललो, मग मतदार यादीबद्दल, आणि मग एकदम म्हटलं, गुरुवारचा तो ब्लाउजपीस जरा बघायला मिळेल का. प्राचीने सासूकडे पाहिलं. सासूने माझ्याकडे पाहिलं. कळलं ते एवढंच, की काल सकाळी प्राचीची नणंद करिष्मा आली होती, ती अंबरनाथला परत निघाली तेव्हा तिची ओटी भरली आणि तो ब्लाउजपीस तिला दिला. ब्लाउजपीस इतक्या वेगाने घरं बदलतात याची मला कल्पना नव्हती. आमच्या कंपनीचं कुरिअर शेजारच्या प्लॉटवर पोचायला दोन दिवस घ्यायचं.

जिन्यात नरेंद्रराव भेटले आणि त्यांनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं. कोणाला बोलू नका, असं मी त्यांना दोनदा बजावलं. मी अंबरनाथच्या रस्त्याला लागेपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा निरोप पडला होता: ‘हरवला आहे. मळकट रंगाचा ब्लाउजपीस. आत हरिभाऊंचा खासगी कागद आहे. मिळाल्यास न वाचता परत करावा.’ मदतीच्या भावनेने केलं होतं, असं ते आजही म्हणतात.

हा निरोप प्राचीने नणंदेला पाठवला असावा, कारण करिष्माच्या दारात तिचा नवरा अल्पेश उभाच होता. सहा फूट उंच, व्यायामशाळेत जाणारा. त्याने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि समोर बसून शांतपणे विचारलं, “काका, कागदावर काय लिवलंय?”

मी म्हटलं, आकडे.

“आकडे म्हणजे मटका?”

मटका नाही म्हटलं. मग तो म्हणाला, मटका नाही आणि खासगी आहे, म्हणजे काय ते सांगा, माझ्या बायकोच्या ओटीत आलेला कागद आहे. मी अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, डोक्यावर टक्कल, पोटाचा विकार, आणि माझ्यावर चिठ्ठ्या पाठवल्याचा संशय. एका कोपऱ्यात मला थोडं बरंही वाटलं, ते सोडा. मी त्याला पडदा, दोन पायऱ्या, राखीव नंबर, सगळं समजावून सांगितलं. ज्या गोष्टी कोणाला कळू नयेत म्हणून एवढा खटाटोप, त्या मी एका अनोळखी दिवाणखान्यात तपशीलवार सांगत होतो. अखेरीस अल्पेशला माझी दया आली आणि त्याने करिष्माला हाक मारली. तिने सांगितलं, काल संध्याकाळी तिच्याकडेही हळदीकुंकू होतं, तिथे तो ब्लाउजपीस लाजवंती आंटीला दिला. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये त्यांचं मॅचिंग सेंटर आहे.

कॅम्प चारला पोचलो, दुकानासमोर स्कूटर लावली आणि पाटी शोधेपर्यंत वाहतूक पोलिसांची गाडी ती उचलून घेऊन गेली. चौकीवर साहेबांनी लायसन्स मागितलं. लायसन्स फोनमध्ये होतं, आणि फोन कोरा होता. पुन्हा उतरवून घ्यायला आधारशी जोडलेल्या नंबरवर सहा आकडे येणार, आणि माझ्या आधारला जोडलेला नंबर यशोधराचा. मी बाकावर बसून दहा मिनिटं विचार केला. साहेब म्हणाले, “काका, ओटीपी बोला ना जल्दी, लाइन लागलीय.” काही कारण सुचेना. शेवटी बटण दाबलं आणि आता यशोधराचा फोन येईल, कुठे आहात विचारेल, म्हणून डोळे मिटले.

फोन आला नाही. निरोप आला. फक्त सहा आकडे, पुढे-मागे एक शब्द नाही.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तीस वर्षांच्या संसारात यशोधराने एकही प्रश्न न विचारता मला काही दिलं आहे ते फक्त रागात. दंड भरला, स्कूटर सोडवली आणि दुकानात गेलो.

लाजवंती आंटींनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. “अरे भाऊ, मेरी दुकान में पाच हजार ब्लाउजपीस पडे हैं, करिष्माने मला अजून एक दिला. मी काय करू त्याचं? सुबह राजाबाईला देऊन टाकला.” राजाबाई वांगणीहून भाजी घेऊन येणारी म्हातारी, मंगळवारी आणि शनिवारी येते आणि दुपारच्या आत परत जाते. आंटींना फक्त तिचं घर वांगणी स्टेशनच्या पलीकडे, मोठ्या चिंचेपाशी आहे एवढं माहीत होतं. तोवर त्यांची अशी खात्री झाली होती की मी बायकोचा आवडता ब्लाउजपीस हरवला आहे आणि कागदाची गोष्ट लाजेपोटी रचली आहे. त्यांनी चौदा छटा काउंटरवर उलगडल्या आणि शेवटी माळ्यावरून एक अख्खं ठाण काढायला लावलं. हुबेहूब तोच कळकट. “ये तो कोई लेता ही नहीं, साईं. भाभी को पता भी नहीं चलेगा.” एवढे कपडे उलगडल्यावर रिकाम्या हाताने उठणं मला जमलं नाही. मी एक मीटर कळकट घेतला.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. यशोधराने हवा भरायला नऊ तास कसे लागले हे विचारलं नाही. तिने आमटी वाढली. जेवताना मी तिच्याकडे पाहत होतो आणि ती ताटाकडे.

रविवारी सकाळी मी काही कारण न सांगता निघालो. तिने विचारलंही नाही. वांगणीत मोठ्या चिंचा तीन होत्या. पहिल्या चिंचेपाशी नव्या इमारतीच्या एजंटाने मला दोन खोल्यांचा फ्लॅट दाखवला, आणि नको म्हणता म्हणता मी त्याचं स्वयंपाकघरही पाहिलं. दुसऱ्या चिंचेखाली म्हशी बांधल्या होत्या. तिसरीपाशी एक ठेंगणी म्हातारी वालाच्या शेंगा निवडत बसली होती, आणि मी लांबूनच ओळखलं, कारण तो तिने घातला होता.

तीन वर्षं आमच्याकडे पडून राहिलेला, तीन दिवसांत चार बायकांच्या हातून गेलेला तो कळकट राजाबाईंच्या अंगावर ब्लाउज होऊन बसला होता. सून ऋतिकाने शनिवारी दुपारीच मशीनवर शिवून दिला होता. हिरव्या लुगड्यावर तो खरोखर चांगला दिसत होता. मी ते बोलून दाखवलं. कापड कापलं गेलं म्हणजे कागद चुलीत गेला असणार. सोमवारचे दहा मला समोर दिसायला लागले. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि त्या अनोळखी म्हातारीला सगळं खरं सांगितलं. बायकोची नोकरी माझ्यामुळे जाणार आहे, हे मी पहिल्यांदा मोठ्याने बोललो, ते तिच्यापुढे.

तिने शेंगा बाजूला ठेवल्या. आत जाऊन पत्र्याची पेटी आणली, तिच्यातून सातबारा काढला, रेशनकार्ड काढलं, आणि त्याखालून माझा कागद काढला.

“मना वाचाला येत नाय,” ती म्हणाली. “पन आकरं दिसलं. बोल्लू, कुनाचं तरी कामाचं असल. कागूद फेकाचा नसतो, बाला.”

शिकलेल्या तीन बायकांना घडीतला कागद दिसलाही नव्हता. ज्या एकीला वाचता येत नव्हतं तिने तो जमिनीच्या कागदांबरोबर ठेवला होता. वर कुंकवाचं बोटही लागलं होतं. मी तिच्या पाया पडलो, तेव्हा तिने शेंगांची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “बायकोला दे. नि आदी तिला सांग, मंग कागूद दाव.”

संध्याकाळी यशोधरा कॉम्प्युटरपुढे बसली होती. मी शेंगा ठेवल्या, कागद पाठीमागे धरला आणि सगळं सांगितलं. फोन, कपाट, मॅक्स, चौकी. आणि ते वाक्यही बोललो, की तू म्हणत होतीस ते बरोबर होतं, कुलपाची गरज नव्हती, गरज मला होती.

“ग्रुपवर मीही आहे, अहो,” ती म्हणाली. “कालपासून पाच जणींचे फोन आले. करिष्माने तर कुलपाचंही सांगितलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले.”

ती दोन दिवस परीक्षेची भीती आणि माझी वाट, दोन्ही गप्प बसून सोसत होती. मी कागद पुढे केला. पहिला नंबर टाकला. खात्याने नाकारला. दुसरा कुंकवाखाली होता. तिसरा टाकला, तोही नाकारला. स्क्रीनवर लाल अक्षरं आली, की आता एकच संधी, मग खातं चोवीस तास बंद. चोवीस तास म्हणजे दहा वाजून गेलेले. यशोधराने कागद दिव्याखाली धरला, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हा नऊ नाही. तुमचा एक आहे. तीस वर्षं वाचतेय मी तुमचा एक.”

तिने एक टाकला. खातं उघडलं.

मग तिने माझ्याकडे न बघता दुसरी पायरी माझ्या फोनवरून काढून आपल्या फोनवर घेतली. कुलूप राहू दे म्हणाली, वाईट नाही ते. नवे राखीव नंबर तिने स्वतः लिहून घेतले आणि कुठे ठेवले ते सांगितलं नाही. मी आणलेला नवा कळकट पाहून ती म्हणाली, हा परत आला का, आणि तो चवडीच्या तळाशी गेला. मी आपला शेंगा सोलत बसलो. न्याय झाला होता, तक्रारीला जागा नव्हती, तरी खिसा पुन्हा हलका लागत होता.

सोमवारी सकाळी मी मुद्दाम बाल्कनीत पेपर घेऊन बसलो. दहाला पाच कमी असताना आतून हाक आली.

“अहो, आकडा वाचता का? माझा चष्मा सापडत नाहीये.”

मी आत गेलो. तिने आपला फोन माझ्यापुढे धरला. चष्मा तिच्या नाकावर होता. मी तिच्याकडे पाहिलं, ती कॉम्प्युटरकडे पाहत होती, बोटं कीबोर्डवर तयार ठेवून.

मी माझा चष्मा लावला आणि सहाही आकडे नीट, सावकाश वाचले.